सत्तेचाळीस नंबरचा साप

सत्तेचाळीस नंबरच्या घरात मी साप काढला, तो काढायला नको होता. हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की शेहेचाळीसमध्ये शिडीचा पाय आहे, अठ्ठेचाळीसमध्ये धोंडूकाकांच्या चपला आहेत आणि मधलं घर रिकामं राहिलं तर बरं दिसणार नाही. शिवाय कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. तिसरी व्हायच्या आत साप पुरा करायचा म्हणून मी तो केला, शेपटीसकट.

पण हे असं मधूनच सांगून उपयोग नाही. सुरुवात मे महिन्यातल्या दुपारपासून करायला हवी.

मुलुंडच्या आमच्या 'नीलगंगा' सोसायटीत त्या दुपारी दोन माणसं आली. दागिने चकचकीत करून देतो म्हणाली. मी न्हाणीघरात केस धूत होते. दार उघडलं आमच्या अनुपमाने. वय वर्षं सात, दुसरी इयत्ता. अनूला बेल वाजली की दार उघडायचं एवढंच माहीत. कोण, कशाला, हे प्रश्न तिला पडत नसत. उलट समोरच्याला प्रश्न पडायच्या आत ती उत्तरं देई. मी साबणाने डोळे मिटून ऐकत होते.

"आमच्या आईकडे फक्त मंगळसूत्र आहे. ते तिने आत्ताच खुंटीला लावलंय. शुभाकाकूंकडे चार बांगड्या आहेत. वरच्या मजल्यावर, डावीकडे. बेल बिघडलीय, कडी वाजवा हं."

मी तशीच पदर गुंडाळून बाहेर येईपर्यंत माणसं कडी वाजवत होती. मी हाका मारल्या, पण ओल्या केसांनी जिना चढायची मला लाज वाटली. ती लाज मला फार महाग पडली. शुभाने बांगड्या त्यांच्या पिवळ्या पाण्यात टाकल्या, झाकण लावून डबा दहा मिनिटं मंद आचेवर ठेवला आणि उघडून पाहिलं तर आत दोन खडे आणि हळद.

मग राजाराम हवालदार आले. अनूचा जबाब झाला. त्यांनी विचारलं, "मिशी होती का, बाळ?"

"एकाला होती," अनू म्हणाली, "एकाला येणार होती."

हवालदारांनी तसंच लिहून घेतलं. शुभा माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलली: "मुलं काय गं, घरात जे शिकतात तेच बोलतात." आता हिच्या बांगड्या चार आहेत हे काय मी पोरीला पाढ्यासारखं शिकवलं होतं? पण तिच्या बांगड्या गेल्या होत्या, माझी अब्रूच गेली होती, आणि या दोन गोष्टी तागडीत घातल्या तर बांगड्यांचं पारडं जड होतं.

त्यातच मला नोकरी लागली होती. सात वर्षांनी. भांडुपच्या एका शाळेत अर्ध्या वेळेची ग्रंथपाल, एक जुलैपासून. अनूची रिक्षा पाऊण वाजता येणार, मी अडीचला. मधल्या पावणेदोन तासांची सोय मी आधीच लावली होती: तळमजल्यावरच्या परुळेकरमावशी.

रत्नप्रभा परुळेकर म्हणजे आमच्या बिल्डिंगचा कणा, असं मी म्हटलं तर आमचे सेक्रेटरी सहदेवराव रागावतील, पण तसंच आहे. मावशी मूळच्या मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, गिरणी गेल्यावर भांडुपला एका दुकानात लागले. मावशींच्या दारामागे एक फळी, फळीला खिळे, आणि खिळ्यांना साऱ्या बिल्डिंगच्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची लोकर. आमची निळी. सोळा बिऱ्हाडांपैकी अकरांच्या किल्ल्या तिथे, आणि अकरांची गुपितंही. कारण किल्ली देताना माणूस नुसती किल्ली देत नाही. 'दोन वाजता नळ सोडा', 'आमची सासू आली तर मी डॉक्टरकडे गेलेय म्हणा', असं काहीतरी देतोच. मावशींनी त्यातलं कधी काही इकडचं तिकडे केलं नाही.

अनूबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पाठव गो. माका खंय काम आसा?" हातांत चार कामं चालू असताना.

तर सोय होती. पण पोर अशी की मावशींच्या दारातूनही चोराला पत्ते सांगेल. म्हणून मी खेळ करायचा ठरवला. रागावून तिला काही शिकवता येत नाही, ती माझ्यापेक्षा आधी रडते. खेळ मात्र ती जीव टाकून खेळते. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शंभर घरं आखली आणि सापशिडी काढली. एकोणतीसवर साप: 'कोण आहे न विचारता दार उघडलं, तीनवर जा.' बारावर शिडी: 'आई बाहेर गेली, गॅस बंद केला.' चौतीसवर साप: 'नुसत्या आवाजावर विश्वास ठेवला.' एकावन्नवर मोठा अजगर: 'घरात काय आहे ते बाहेरच्याला सांगितलं.' त्याला मी चार बांगड्या घातल्या. आणि एकसष्टवर माझी आवडती शिडी: 'खुणेचा शब्द विचारला.' शब्द दर सोमवारी बदलायचा. तो घरातल्यांना आणि एका भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचा, बाकी कुणाला नाही. त्यातला एक शब्द होता कोथिंबीर.

खरं सांगते, ते पंधरा दिवस फार छान गेले. दुपारी भांडी आवरली की आम्ही दोघी फरशीवर पालथ्या पडून खेळायचो. अजगराने गिळलं की ती माझ्या कुशीत तोंड खुपसून ओरडायची. मी मुद्दाम हरायचे आणि तिला ते कळायचं. "आई, तू बघून टाकतेस फासा," म्हणायची. बेल वाजली की आता ती स्टुलावर चढून दाराच्या भोकातून बघायची आणि पोस्टमनला ओळखपत्र मागायची. पोस्टमन हसायचा. सगळं घरातल्या घरात होतं. तिथेच राहायला हवं होतं.

पण अनंतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खेळाची गोष्ट सहदेवरावांच्या कानावर घातली. सहदेवराव सेक्रेटरी झाल्यापासून सोसायटीचं नाव मोठं करायची संधी शोधत होते. गेल्या वर्षी त्यांनी 'स्वच्छ जिना' स्पर्धा ठेवली, तिच्यात आमचा जिना एकटाच होता आणि दुसरा आला.

"वहिनी, झकास!" ते दारातूनच ओरडले. "पोलीस ठाण्याचा गुन्हे प्रतिबंध सप्ताह आहे जुलैत. आपली सोसायटी खेळ सादर करणार. मी बोलतो."

"अहो, तो अनूसाठी आहे."

"आता तो समाजासाठी आहे," म्हणत त्यांनी कॅलेंडर गुंडाळून काखेत मारलं. अनू दोन दिवस फुगून बसली.

खेळ समाजाचा झाल्याबरोबर समाज सूचना घेऊन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या धोंडूकाकांच्या चपला एकदा देवळाबाहेरून गेल्या होत्या, साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. त्यांना चपलांचं घर हवं होतं. नुसत्या चपला नाहीत, कोल्हापुरी, नव्या. मी काढल्या. ते म्हणाले, "डाव्या चपलेचा अंगठा असा नव्हता." गच्चीवरचा अँटेना कुणीतरी वाकवतो म्हणून अँटेना. दारातल्या दुधाच्या बाटलीचं झाकण कुणीतरी रोज उचकटतं म्हणून बाटली. "पण ते मांजर आहे," मी म्हटलं. "मांजराचा गुन्हा गुन्हा नाही का?" हा प्रश्न मला सोसायटीच्या सभेत विचारला गेला आणि इतिवृत्तात गेला. शुभाने सुचवलं की अजगराच्या शेजारी एक मुलगी काढ, दोन वेण्यांची. अनूला दोन वेण्या आहेत. मी म्हटलं, जागा नाही.

मग ठाण्यात गेलो. मी, सहदेवराव आणि कॅलेंडर. तास दीड तास बाकावर बसलो. माझ्या एका बाजूला कोंबडी चोरीची तक्रार होती आणि दुसऱ्या बाजूला कोंबडी. मग राजाराम हवालदारांनी खेळ टेबलावर पसरला, दोन्ही हातांनी सपाट केला आणि पहिलाच प्रश्न विचारला:

"फासा आहे?"

"आहे ना. सापशिडीच ती."

"फासा म्हणजे जुगार आला बाई. पोलिसांच्या कार्यक्रमात जुगार?"

"मुलं खेळतात हो!"

"मुलं खेळतात म्हणून तर जास्त गंभीर."

सहदेवरावांनी चिंचोके सुचवले. हवालदार म्हणाले, चिंचोक्यांनी तर गावाकडे मोठमोठे डाव होतात, आम्हीच पकडतो. शेवटी मी वैतागून म्हटलं, मग चिठ्ठ्या टाकू, एक ते सहा, डब्यातून काढायच्या. हवालदारांचा चेहरा उजळला. "सोडत! सोडत चालेल. सोडत सरकारसुद्धा काढतं." तशी नोंद झाली, जावक क्रमांक पडला. आपला खेळ जुगार नाही असं प्रतिज्ञापत्र मी तीन प्रतींत लिहून दिलं. वडिलांनी मला एम.ए. केलं ते बहुधा यासाठीच.

"आणखी एक," हवालदारांनी खणातून पत्रक काढलं. "या दहा सूचना खेळात आल्याच पाहिजेत. वरून आल्यात."

पत्रकात होतं: ओळखपत्र पाहावे. अनोळखी इसमास आत घेऊ नये. अशा नऊ सूचना माझ्या खेळात कुठे ना कुठे होत्याच. दहावी नव्हती: 'घराची किल्ली कोणाकडेही ठेवू नये.'

घरी आले. भात लावलेला, अनूची वही तपासायची राहिलेली, सत्तेचाळीस नंबर रिकामा. मी साप काढला, खाली लिहिलं, 'किल्ली कोणाकडेही ठेवली, पाचवर जा.' आणि सापाच्या तोंडाशी किल्ली घेतलेली एक बाई काढली. आता मला बाई काढता येते ती एकाच प्रकारची: अंबाडा, मोठं कुंकू, कमरेवर हात. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी तीच शिकवली होती. त्या घडीला आमची निळ्या लोकरीची किल्ली तळमजल्यावर खिळ्याला लोंबत होती आणि मला ती आठवली नाही. शपथेवर सांगते. सात वर्षांत ती मला 'कुणाकडे तरी' ठेवलेली वाटलीच नव्हती.

अनंतच्या ऑफिसातल्या वसुधाबाईंनी स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाईलवर साठ प्रती निघाल्या. शाई इतकी पसरली की चोर आणि पोलीस सारखेच दिसू लागले, अजगराच्या बांगड्या गेल्या, धोंडूकाकांच्या चपला म्हणजे दोन बटाटे. साठ प्रतींत एकच घर लख्ख उठलं होतं. अंबाडा, कुंकू, कमरेवर हात.

शनिवारी सहदेवरावांनी घरोघरी प्रती वाटल्या. संध्याकाळी बेल वाजली. अनूने भोकातून बघितलं. "मावशी आहेत," म्हणाली आणि दार उघडलं.

परुळेकरमावशी उभ्या होत्या: अंबाडा, मोठं कुंकू, हातात ताट. पितळेचं, घासलेलं. हळदीकुंकवाला काढतात ते. त्यात अकरा किल्ल्या, अकरा रंगांच्या लोकरी.

"घे गो बाय."

"हे काय मावशी?"

"माका काय इचारतंस? छापून इलासा. आता कोणाची चावी माझ्याकडे नको. उगाच साप चावूचो कोणाक."

"अहो मावशी, ते पत्रकात होतं, मी नुसतं..."

"चित्रपण पत्रकात होता?"

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, जिन्याकडे वळल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आणि चेडूपण तुझ्याकडेच ठेव. किल्लीचो भरवसो नाय, तर चेडवाचो कसलो?"

चेडू, म्हणजे अनू, माझ्या पदराआडून बघत होती. "मावशी, उद्या येऊ का खेळायला?" तिने विचारलं.

"तू ये. तुझी आवस नको," आणि त्या गेल्या.

शनिवार, सत्तावीस जून. बुधवारी एक जुलै. मी ताट टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. अनंत म्हणाला, "अगं होईल शांत." पुरुषांना सगळं होईलसं वाटतं, कारण झाल्यानंतरच ते घरी येतात.

त्यानंतरचे तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. बाकीच्या दहा बिऱ्हाडांना पत्ता लागला की किल्ल्या आता माझ्याकडे. रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसले तर बेल. हिरवी लोकर. पुन्हा बसले, बेल. लाल. सहदेवराव बनियनवर जिन्यात उभे, आत नळ चालू, दार ओढलं गेलेलं. पिवळी. कुणाची मुलगी क्लासहून आली, कुणाची भांडीवाली आली. धोंडूकाका किल्ली नेत, परत आणत, मग काही विसरलं म्हणून पुन्हा नेत. आणि प्रत्येकजण किल्लीबरोबर एकेक निरोप ठेवून जाई. "उत्तरा, पाणी आलं की आमची बादली भरशील ना?" "उत्तरा, गॅसवाला आला तर थांबव हं." मला कोथिंबीर आणायला खाली जाता येईना. निरोप माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळले, सहदेवरावांकडे सोडायचा नळ मी शुभाच्या घरी सोडला. शुभाच्या घरात पाणी झालं. ती आता बांगड्यांविषयी बोलत नाही, गालिच्याविषयी बोलते.

आणि मावशींनी हे सगळं बारा वर्षं केलं होतं, चार कामं चालू असताना, एकदाही न चुकता.

रविवारी दुपारी मी माफी मागायला खाली गेले. बेल वाजवली. दार बंद. आतून आवाज:

"कोण?"

"मी उत्तरा, मावशी."

"अनोळखी माणसाक दार उघडूचा नाय. एकोणतीस नंबर."

"मावशी, मी अनोळखी आहे का?"

"शब्द सांग."

"कोणता शब्द?"

"ठावक नाय? मग जा."

आत अनू खिदळत होती. ती तिथेच खेळत होती, माझ्याच खेळावर. मी खालच्या पायरीवर दोन मिनिटं उभी राहिले आणि वर आले, कारण वर केशरी लोकरवाले थांबले होते. सोमवारी शिऱ्याची वाटी घेऊन गेले. आतून सांगण्यात आलं की अनोळखी इसमाकडून खाऊ घेऊ नये, अठरा नंबर. नंबर बरोबर होता. मला एवढा पाठ नव्हता.

अनंत म्हणाला, "नसेलच जमत तर नोकरी पुढच्या वर्षी बघ ना." प्रेमाने म्हणाला, हे मला मान्य आहे. मी नियुक्तीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. पुढच्या वर्षीबद्दल त्यात काही नव्हतं.

मंगळवार उजाडला. तीस जून. अडीच वाजता मी दूध तापत ठेवलं. अनू फरशीवर चिठ्ठ्या मांडत होती. जिन्यातून सहदेवरावांची हाक आली, "वहिनी, पिवळी!" मी पिवळी घेऊन दाराबाहेर दोन पावलं टाकली, वारा आला, आणि लॅच लागला. धाड्.

माझी किल्ली आत. आणि अशाच प्रसंगासाठी सात वर्षं खाली खिळ्याला असलेली निळ्या लोकरीची दुसरी किल्ली, तीही आत, पितळेच्या ताटात.

"अनू, दार उघड गं," मी वाकून किल्लीच्या भोकातून म्हटलं.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. भोकामागे अंधार झाला, म्हणजे तिचा डोळा आला.

"खुणेचा शब्द सांगा," अनू म्हणाली.

"अगं मी आहे! दिसतेय ना?"

"डोक्यावर नुसता अंबाडा दिसतोय."

"आवाज ओळखत नाहीस आईचा?"

"चौतीस नंबर. नुसत्या आवाजावर विश्वास ठेवला. तूच लिहिलंयस. म्हणजे तू आई असशील तर."

"कोथिंबीर! कोथिंबीर, कोथिंबीर!"

"तो मागचा. काल सोमवार होता."

"मग मला नवा का नाही सांगितलास?"

आत स्टूल किंचित करकरलं. मग हळूच, "तू काल माझ्याशी बोललीच नाहीस. नुसत्या किल्ल्या देत होतीस."

रडायला वेळ नव्हता. "बरं राणी, चुकलं माझं. गॅसवर दूध आहे. उतू गेलं का सांग. गॅस चालू आहे का?"

"घरात काय आहे ते बाहेरच्याला सांगायचं नाही. एकावन्न."

अजगर! माझाच अजगर. मे महिन्यात या पोरीने चोरांना बांगड्यांचा मजला सांगितला होता, आणि आता सख्ख्या आईला दुधाची बातमी देत नव्हती. शुभा वरून उतरून हे ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं की कौतुक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सहदेवराव पिवळी किल्ली मिळूनही घरी जाईनात. धोंडूकाका आले, चपला घालून. एवढ्यात सप्ताहासाठी पंचवीस प्रती न्यायला राजाराम हवालदार जिना चढून वर आले.

"बाजूला व्हा," त्यांनी परिस्थिती ताब्यात घेतली. दारावर टकटक केली. "बाळ, मी पोलीस आहे. दार उघड."

"ओळखपत्र दाराखालून सरकवा."

हवालदारांनी खिसे चाचपले. वरचा, खालचा, मागचा. "ठाण्यात राहिलं," ते मला हळूच म्हणाले.

"मग उद्या या," आतून आवाज आला.

"पोलिसाला उद्या या म्हणते?"

"तुमचीच सूचना आहे हवालदारसाहेब," सहदेवराव म्हणाले. "वरून आलेली."

मला दुधाचा वास आल्यासारखं वाटू लागलं. "अनू, शब्द आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"एका भरवशाच्या मोठ्या माणसाला."

"कोण?"

"परुळेकरमावशी."

मी जिना उतरले. उतरले कसली, पडतच गेले. बेल न वाजवता दारावर दोन्ही हात मारले.

"कोण?"

"मावशी, अनू आत अडकलीय. गॅसवर दूध आहे. शब्द फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दार उघडू नका, मला शिव्या द्या, पण वर चला."

दार तेव्हाच उघडलं. मावशी हात पदराला पुसत बाहेर आल्या, गुडघे दुखतात तरी दोन दोन पायऱ्या चढल्या. वाटेत फक्त एवढंच म्हणाल्या, "चेडू एकटा आत, आणि तू बाहेर कित्याक इलंस?"

वर सगळे जिन्यात दाटीने उभे होते. मावशींनी हाताने लोकांना मागे सारलं. हवालदारांनाही. मग वाकून किल्लीच्या भोकाला तोंड लावून काहीतरी पुटपुटल्या. आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही.

दार उघडलं.

मी स्वयंपाकघरात धावले. गॅस बंद होता. दूध निम्मंही तापलेलं नव्हतं. अनू मागे येऊन उभी राहिली. "तू बाहेर गेलीस तेव्हाच बंद केला. बारा नंबर. शिडी आहे ना."

मी तिला उचललं. ती आता मोठी झालीय, उचलवत नाही, तरी उचललं. तिच्या केसांना शाईचा आणि चिंचेचा वास येत होता. बाहेर सहदेवराव हवालदारांना सांगत होते, "बघा, प्रात्यक्षिक! साहेबांना असंच दाखवायचं." हवालदार वहीत काहीतरी लिहीत होते, बहुधा ओळखपत्राविषयी नाही.

मावशी टेबलापाशी उभ्या होत्या, ताटातल्या किल्ल्यांकडे बघत.

"ह्या काय केलंस? लाल लोकर आणि केशरी गुतलीसा."

"मला नाही जमत मावशी. शुभाच्या घरात पाणी झालं."

"ऐकलंय मी. जिन्यातून इला खाली."

मी मूळ कॅलेंडर काढलं, सत्तेचाळीसवर कागद चिकटवला आणि साप होता तिथे शिडी काढली, शिडीपाशी पुन्हा तीच बाई. सत्तेचाळीसवरून थेट शहाण्णव. लिहिलं, 'किल्ली मावशींकडे ठेवली.' हवालदार पुढे झाले. "बाई, दहावी सूचना..."

मावशींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "काही हरकत नाही," हवालदार म्हणाले.

मग मावशींनी चित्र हातात धरून लांब नेलं, जवळ आणलं. "नाक असा नाय माझा," म्हणाल्या. ताट उचललं आणि दारातून विचारलं, "रिक्षा कितीक येता उद्या?"

"पाऊणला."

"बरा."

खेळाचं पुढे काय झालं म्हणाल तर पंचवीस प्रती ठाण्यात गेल्या आणि सप्ताहात रस्सीखेच झाली. खेळ विचाराधीन आहे असं पत्र सहदेवरावांकडे आहे. त्यांनी ते चौकट करून लावलंय.

बुधवारी मी कामावर गेले. पुस्तकांवर नंबर घालताना बारानंतर माझं लक्ष घड्याळातच होतं. पाऊण वाजला, आता उतरली असेल. एक वाजला, जेवली असेल. परतताना बटाटेवडे घेतले आणि दोन पस्तीसला मावशींची बेल वाजवली.

आतून दोघींचा एकदम आवाज आला, "शब्द?"

आली का पंचाईत. शब्द मला अजूनही कुणी सांगितला नव्हता. कोथिंबीर म्हटलं. आलं, लसूण, कढीपत्ता म्हटलं. साऱ्या भाज्या झाल्या, फळं झाली, अनूच्या मैत्रिणींची नावं झाली. आत खुसखुस चालली होती. वडे गार होत होते, पाय दुखत होते आणि सात वर्षांनी नोकरी करून आलेली बाई तळमजल्यावर उभी राहून बंद दाराला "पडवळ" म्हणत होती.

कडी निघाली. मावशी दारात उभ्या होत्या.

"ये गो आत. च्या थंड होता."

"पण शब्द?"

"तुका कसलो शब्द? तू काय अनोळखी आसंस?"

मी चप्पल काढून आत पाऊल टाकलं. फरशीवर खेळ मांडलेला होता, दारामागे फळीवर अकरा किल्ल्या होत्या, आणि अनू कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मावशी! शब्द न घेता दार उघडलंत. एकोणतीस नंबर," ती म्हणाली, आणि नव्वदीच्या घरात पोचलेली मावशींची सोंगटी उचलून तिने तीनवर ठेवली.